चार बोटांची जागा

साखर कमी झाली की घरचे काळजी करतात आणि वाढली की चौकशी करतात. कमी झाली तेव्हा मुलगा माझ्या मानेखाली हात घालून चमच्याने साखरपाणी पाजायचा, "आई, डोळे उघड" म्हणत कासावीस व्हायचा. वाढली की तोच मुलगा समोर खुर्ची ओढून बसायचा आणि विचारायचा, "काल काय खाल्लं तू?" मंठा तालुक्यातल्या शाळांमध्ये मी सारी नोकरी पोरांना उभं करून असेच प्रश्न विचारण्यात घालवली. खडू कुणी पळवला, पाटी कुणी फोडली. त्यामुळे त्याच्या आवाजातला तो सूर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. फक्त आता आरोपी मी होते.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं जालन्याला मुलाकडे राहायला आलो. मुलगा इथे एका कार्यालयात कामाला आहे, सून अंबडच्या बाजूला शाळेत शिकवते. शाळा सुरू असली की ती उजाडताच डबा घेऊन निघते. मधुमेह मला त्याआधीचाच. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरबाईंनी इन्सुलिन सुरू केलं, रोज सकाळी नाश्त्याच्या आधी एक इंजेक्शन. माझी तर पाचावर धारण बसली. शाळेत लस टोचायला माणसं आली की पोरांना धीर देणारी मी, पण स्वतःच्या हाताने स्वतःला सुई टोचणं काही मला जमेना. म्हणून दवाखान्यात ते इंजेक्शनचं पेन कसं धरायचं, सुई कशी बसवायची, कुठे टोचायचं, हे सगळं शिकवलं ते आमच्या ह्यांना. मी शेजारी तोंड फिरवून बसले होते. ज्याचं काम त्याने ऐकावं, असं माझं साधं गणित.

हे रोज सकाळी पेन घेऊन यायचे. कधी पोटाला, कधी मांडीला, कधी दुसऱ्या मांडीला. मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत टोचून मोकळे. मी करवादायचे, ते हसायचे. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यापासून लपवण्यासारखं काय उरतं? त्यांनी आज कुठे टोचलं आणि काल कुठे, हे माझ्या ध्यानातही राहत नसे. साखर ताब्यात होती आणि त्याचं सगळं श्रेय मी माझ्या ज्वारीच्या भाकरीला देत होते.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. रात्री जेवून झोपले, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी नातेवाइकांतल्या कुणीतरी मला इंजेक्शन दिलं. पुढचे दिवसही असेच कुणाकुणाच्या हातून निघाले. माणसं पांगली आणि एका सकाळी मुलगा पेन घेऊन माझ्या खोलीत आला. वडिलांना इंजेक्शन देताना त्याने दारातूनच पाहिलं होतं. पेन फिरवून डोस कसा लावायचा ते त्याला ठाऊक होतं, बाकी काही नाही. तो उभा राहिला, मी पलंगावर बसले, आणि दोघंही एकमेकांकडे बघेनात. मिशा फुटलेला, बायकोचा नवरा झालेला मुलगा. त्याच्यासमोर मी साडी मांडीपर्यंत वर घेऊ? पोट उघडं टाकू? मी कुशीवर वळले, भिंतीकडे तोंड केलं आणि पदर जरा सरकवला. पोलकं संपतं आणि साडी सुरू होते तिथे डाव्या कमरेला चार बोटांची जागा उघडी असते. बसमध्ये, बाजारात, शाळेच्या प्रार्थनेत साऱ्या जगाने पाहिलेली. "इथंच दे," मी म्हटलं. त्याने दिलं आणि तो घाईने बाहेर गेला. मलाही सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी त्याच कुशीवर वळले.

मग तीच रीत पडली. सुरुवातीला सुई बोचायची. पुढे पुढे तिथे काही कळेनासंच झालं. मला वाटलं, पोराचा हात बसला. शेजारणीला मी कौतुकाने सांगत असे, "आमच्या लेकाचा हात लई हलका हाय. सुई गेली कधी अन् निघाली कधी, बिलकुल कळत न्हाई."

वर्षभराने साखर वाढायला लागली. पहिल्यांदा सगळे म्हणाले, दुःख आहे, दुःखाने वाढते. ते मलाही पटलं. पण दुःख तर तेवढंच होतं आणि साखर मात्र दर महिन्याला वर चढत होती. मग सल्ले सुरू झाले. कुणी रात्री भिजवलेली मेथी सांगितली, कुणी जांभळाच्या बियांची पूड. कारल्याचा रस तर मी असा प्यायले की शेवटी शेवटी तोंड वाकडं करायचंही विसरले. भात सोडला, आंबा सोडला, बटाटा पाहिला की रस्ता बदलला. डॉक्टरबाईंनी इन्सुलिन वाढवलं. थोडे दिवस आकडा खाली यायचा, परत वर. पुन्हा वाढवलं. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन, असा तो प्रकार होता, पण तेव्हा हे कुणाला कळावं?

एवढं करूनही साखर उतरत नाही म्हटल्यावर घराला एकच उत्तर सुचलं. म्हातारी चोरून खाते. तोंडावर कुणी म्हणालं नाही. एके दिवशी चहाचं आधण ठेवायला गेले तर गुळाचा डबा जागेवर नव्हता. साखरही नव्हती. मुलाने दोन्ही डबे कपाटात घालून किल्ली आपल्या गाडीच्या किल्लीला अडकवली होती. ज्या बाईच्या भरवशावर शाळेच्या पोषण आहाराची कोठी चालली, तिच्यापासून घरचा गूळ कुलपात! माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी तो घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच मी म्हटलं, "कपाटाला कशाला? माझ्या तोंडालाच लाव की कुलूप."

"आई, तुझ्या भल्यासाठीच करून राह्यलो ना मी," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका थकलेला होता की मी पुढचं बोलणं गिळलं.

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बायकांनी चतुर्थीला राजूरला जायचं ठरवलं आणि मीही जीपमध्ये बसले. घरात कोंडल्यासारखं झालं होतं. गणपतीपुढे रांग मोठी होती आणि ऊन टळटळीत. चपला बाहेर ठेवून आम्ही तापल्या फरशीवर उभ्या राहिलो. बाकीच्या बायका एकेक पाय उचलत "अगं बाई, पोळलं, पोळलं" करत होत्या. मी आपली शांत उभी. एकजण म्हणाली, "बाईंची श्रद्धाच तेवढी. त्यांना चटका लागून न्हाई राह्यला." मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी येऊन पाय धुतले तेव्हा उजव्या अंगठ्याखाली हा एवढा फोड दिसला. श्रद्धा कसली, पायाची जाणीवच गेली होती. फोड फुटला, त्याची जखम झाली आणि ती भरेना.

डॉक्टरबाईंनी पट्टी सोडून पाहिलं. कडेचं मांस काळं पडत होतं. त्या दरवेळी हसून बोलतात, त्या दिवशी हसल्या नाहीत. "साखर तीनशेच्या वर आहे. अशीच राहिली तर जखम भरायची नाही," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस बघते. नाहीतर अंगठा काढावा लागेल." अंगठा म्हणजे एवढासा. पण आष्टीला माझ्या माहेरच्या नात्यातल्या एकांचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. सगळं बघितलेलं होतं. परत येताना रिक्षात मी माझ्या पायाकडे बघत बसले. शेताच्या बांधावरून शाळेला चालत गेलेला पाय तो.

घरी आल्यावर मुलाने खुर्ची ओढली.

"राजूरहून पेढ्यांचा पुडा आणल्ता तू. कुठं हाय तो?"

"वाटून टाकला. गल्लीत, तुझ्या बायकोला, सगळ्यांना."

"अन् तू?"

"चिमूटभर जिभेला लावला. प्रसाद आहे, त्याला नाही कसं म्हणू?"

"हेच! चिमूट चिमूट म्हणता म्हणता अंगठा चालला तुझा. आई, खरं सांग ना. मी रागावणार न्हाई."

"विद्येची शपथ. त्यापरीस जास्त काही खाल्लं नाही मी."

"मंग साखरेचं मशीन खोटं बोलून राह्यलं का?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर कोण तेच मला माहीत नव्हतं. रात्रंदिवस एकच विचार डोक्यात. विद्येची शपथ मी जन्मात खोटी घेतली नाही, आणि माझ्याच पोटचा मुलगा ती ऐकून मान खाली घालतो. अंगठ्याची भीती होतीच. पण खोटारडी ठरल्याचं दुःख त्याहून मोठं होतं, हे मी उघड सांगते.

शाळेला उन्हाळी सुट्टी लागली होती, म्हणून सून घरी होती. जखमेला पाणी लागू द्यायचं नव्हतं. ती मला न्हाणीत स्टुलावर बसवायची, पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला ठेवायची आणि पाणी घालायची. मी परकर छातीशी धरून बसायचे. एका सकाळी अंग पुसून झाल्यावर ती माझ्या कमरेला परकराची नाडी बांधत होती आणि तिचा हात थांबला.

"आई, हे काय आहे इथं?"

मी हात लावला. डाव्या कमरेला, चार बोटांच्या त्या जागेवर, लिंबाएवढं काहीतरी मऊसर लागलं. मी तिकडे कधी हात नेलाच नव्हता.

आपल्याकडे 'गाठ' म्हटलं की पुढचं कुणी बोलत नाही. सुनेनेही तो शब्द तोंडातून काढला नाही. तिने मला भरभर साडी नेसवली, मुलाला फोन करून सरळ दवाखान्यात यायला सांगितलं आणि रिक्षा बोलावली. वाटेत तिने माझा हात धरून ठेवला होता. मी मनात म्हटलं, चला, अंगठा तरी वाचला, आता सगळंच एकदम जाईल.

डॉक्टरबाईंनी गाठ दाबून पाहिली, दुसरी कमर पाहिली, परत डावीकडे आल्या.

"इंजेक्शन रोज इथंच घेता?"

मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "हो."

"रोज? दुसरीकडे कुठेच नाही?"

"न्हाई. इथंच. बाबा गेल्यापासून."

त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "भिऊ नका, घाबरण्यासारखी गाठ नाही ही. एकाच जागी रोज टोचलं की कातडीखाली चरबी धरते. तिथे सुई दुखत नाही, म्हणून माणसं तिथेच घेत राहतात. पण औषध त्या चरबीत अडकतं, रक्तात नीट पोचत नाही. आपण डोस वाढवत गेलो आणि तो तिथेच मुरत गेला. मीही हे आधी हात लावून पाहायला हवं होतं." मग मुलाला विचारलं, "जागा बदलत राहायची, हे सांगितलं होतं ना?"

"मला कुणी सांगितलंच न्हाई," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

सांगितलं होतं. ज्यांना सांगितलं होतं ते आपल्याबरोबर ते घेऊन गेले. पोटाला, मांडीला, दुसऱ्या मांडीला, असं हे जे हसत हसत करत होते त्याला काही नेम होता, हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं.

बाईंनी पुढचं समजावलं. त्या गाठीवर आता टोचायचं नाही. पोट, मांड्या, रोज जागा थोडी सरकवायची. डोस त्यांनी कमी केला, कारण औषध आता पुरतं लागणार होतं आणि साखर एकदम उतरायची भीती होती. सुरुवातीला घडोघडी तपासायची, घाम सुटला, हात थरथरले तर लगेच साखर तोंडात टाकायची. "उशाशी साखरेचा डबा ठेवा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." कुणी हसलं नाही.

रिक्षात मुलगा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. घर जवळ आलं तेव्हा वळून म्हणाला, "आई, तू एकदा म्हणायचं ना, दुसरीकडं दे म्हणून."

"तुला कसं म्हणू?" मी म्हटलं. "तू माझा लेक हायेस."

तो पुन्हा पुढे बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. सुनेने रिक्षाबाहेर तोंड केलं. आम्हा तिघांनाही ते कळलं होतं. माझी साखर गुळाने वाढली नव्हती, प्रसादानेही नाही. ज्याच्यासमोर अंगावरचा पदर बाजूला करायला मला लाज वाटत नव्हती तो माणूस गेला होता, आणि त्याच्या जागी मी कुणाला बसवू शकत नव्हते. एवढंच कारण होतं.

अंगठा राहिला, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावण्याची मला हौस नाही. साखर उतरली, जखम पावसाळा सरता सरता भरली, नख तेवढं गेलं ते परत आलं नाही. मऊ बुटाशिवाय आता मी अंगणातही पाऊल टाकत नाही आणि देवाला गेले तर बूट काढायच्या जागेपासूनच हात जोडते. देव समजून घेतो, बायका घेत नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या सकाळचं. मुलगा पेन घेऊन दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. सून मागून म्हणाली, "आई, मी देते ना." पोर मनापासून म्हणत होती. मी म्हटलं, "तुझी शाळा सुरू झाली की मग काय करू? आण इकडं." पेन घेतलं आणि आतून कडी लावली.

पलंगावर बसले आणि साडी मांडीपर्यंत वर केली. किती दिवसांनी मी माझी मांडी पाहत होते. हे गेल्यापासून मी अंघोळसुद्धा परकर अंगावर ठेवून करत आले. त्या शरीराकडे कुणी पाहिलं नव्हतं आणि मीही पाहिलं नव्हतं. कातडी सैल पडली होती. बेंबीच्या एका अंगाला आणि मांडीवर यांची बोटं जिथे जिथे टेकत होती ती जागा मला डोळे मिटूनही दाखवता आली असती. सुई लावली आणि परत काढून घेतली. पुन्हा लावली. मग श्वास धरला आणि टोचली. दुखलं. कमरेवर गेले कित्येक महिने दुखलं नव्हतं, इथे चांगलंच दुखलं. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे सुई आत ठेवून दहापर्यंत मोजायचं होतं. पाचाच्या पुढे मला मोजता आलं नाही.

हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि जो तो मला एकच सांगत होता, "रडू नका, शुगर वाढेल." कुणी पाणी द्यायचं, कुणी गोळी द्यायचं, कुणी पाठीवरून हात फिरवून तेच म्हणायचं. मीही ते ऐकलं. यांना उचललं तेव्हासुद्धा मी दात आवळून उभी होते. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. मी रडलेच नव्हते. त्या सकाळी पेन हातात धरून, साडी वर केलेली तशीच, मी रडले. मोठ्याने रडले. आवाज बाहेर जातो आहे हे मला कळत होतं.

दाराबाहेरून मुलाचा आवाज आला, "आई, दुखलं का?"

"हो," मी म्हटलं.

तो रडू नको म्हणाला नाही, दार उघड म्हणाला नाही. दाराला पाठ टेकून तो खाली बसल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. माझं रडणं संपेपर्यंत तो तिथेच बसून होता.

दुपारी त्याने माझं बोट टोचून तपासलं आणि मशीन माझ्यासमोर धरलं. मी एवढी रडले होते, तरी साखर वाढली नव्हती.